खांद्यातलं मुसकं

कर्ता मुलगा आईशी गोड बोलायला लागला, की आईने आधी आपल्या पेटीचं कुलूप तपासावं, असं दगुबाईचं पक्कं मत होतं. आणि भूषण गेले काही महिने फारच गोड बोलत होता. ज्या पोराने जन्मात "माय, भाकर टाक" यापुढे आईशी बोलायची तसदी घेतली नाही, तो आता सकाळी चहाआधी येऊन विचारायचा, माय, झोप लागली का, खांदा कसा आहे, हात जपून वापर गं. फडताळावरची बरणी काढायला ती नुसती उभी राहिली तरी हा ओट्यावरून धावत यायचा. शेजारणी म्हणायच्या, दगुबाईने मागच्या जन्मी काय पुण्य केलं कोण जाणे. दगुबाई म्हणायची, पुण्य कसलं, याचं काहीतरी शिजतंय. वास येऊ राहिला, फक्त भांडं सापडत नाही.

भांडं तिच्याच खांद्यात होतं.

तापीकाठच्या पिंपरखेड्यात दगुबाई पाटलीण म्हणजे मांडा, आणि मांडा म्हणजे दगुबाई. शाळेत ती दुसरीपर्यंत गेली. पुढची अक्षरं तिने कणकेवर गिरवली. मांड्याला लाटणं फक्त सुरुवातीपुरतं लागतं. पुरण भरलेला उंडा मुठींवर घ्यायचा, मुठींवरून मनगटांवर, मनगटांवरून कोपरापर्यंत झेलत न्यायचा, हात खांद्याच्या वर उचलून फिरवत राहायचं, आणि कणीक आपल्याच वजनाने पसरत पसरत धोतराच्या पानासारखी पातळ होते. मग एका झोकात चुलीवरच्या उपड्या खापरावर. मध्येच हात अडला की मांडा फाटला, आणि फाटका मांडा माणसाच्या ताटात जात नाही, गाईपुढे जातो.

लग्नाघरी मांडे घालायला जाणाऱ्या बायकांचा तिचा ताफा होता. त्यात तिची जोडीण सकुबाई. दगुबाईने मांडा फिरवायचा, सकुबाईने खापर सांभाळायचं. दोघी अर्धं आयुष्य एकाच चुलीपुढे भाजल्या. त्यांच्या ताफ्याची एक रीत होती. मांडेवालीच्याच घरी लग्न निघालं, तर त्या दिवशी तिने पिठाला बोटही लावायचं नाही. तिला पाटावर बसवायचं, जोडीणीने मांडा फिरवायचा आणि पहिला तिच्या ताटात वाढायचा. जन्मभर दुसऱ्यांच्या पंगती जेवू घातल्या, एक दिवस तिने बसून खायचं. गावात पाटीलकीच्या रीती मोडल्या, लग्नं हॉलमध्ये गेली, बसगाड्या ड्रायव्हरवाचून धावायला लागल्या. ही रीत मोडली नव्हती.

खांदा गेला तो यावलकडच्या एका लग्नात. हात वर होता, कणीक कोपरापर्यंत आली होती, आणि आत जुनं लुगडं टरकावं तसं काहीतरी टरकलं. दगुबाईने दात आवळले, पदराने दंड बांधला आणि पंगत उरकली. पुढे तो हात दिवसा ठणकायचा आणि रात्री जाळायचा. तिने कोणाला सांगितलं नाही. केस विंचरता येईनात तेव्हा सुनेच्या, हर्षालीच्या, लक्षात आलं, आणि भूषणने तिला उचलूनच जळगावला नेलं.

तिथल्या डॉक्टर मृण्मयी सावकारे वयाने नातीएवढ्या, पण समजावून सांगायची हातोटी चांगली. त्यांनी चहाची बशी घेतली आणि तिच्यात एक मोसंबं ठेवलं. म्हणाल्या, मांडीचा सांधा म्हणजे उखळात बसलेलं मुसळ. सहसा निसटत नाही, पण फार फिरतही नाही. खांद्याचं उलट आहे. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा, आणि तो ज्या वाटीत बसतो ती बशीएवढी उथळ. म्हणून हात वर, खाली, मागे, गरगर, कसाही फिरतो. मग मोसंबं बशीतून घरंगळत कसं नाही? चार स्नायू त्याला चहूकडून धरून असतात, जशा चौघी बाया गोधडीचे चार कोपरे ताणून धरतात. त्यांतल्या सगळ्यांत वरच्या स्नायूची कंडरा, म्हणजे त्याला हाडाशी बांधणारी दोरी, खांद्याच्या हाडाच्या छपराखालून एका अरुंद बोळातून जाते. हात वर गेला की ती बोळात घासते. तुम्ही जन्मभर हात वरच ठेवलेत. शिवाय त्या कोपऱ्यात रक्ताचा पाट जेमतेम पोचतो, त्यामुळे दोरी एकदा पुरती तुटली की आपली आपण जुळत नाही.

पूर्वी ती दोरी ओढून हाडाला शिवायचे, डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि टाके चांगले असायचे. पण महिन्या-दोन महिन्यांत दुखणं कमी झालं की माणूस हात वर करायचं आणि दोरी पुन्हा सुटायची. टाका चुकत नव्हता, माणूस चुकत होतं. आता रेशमाच्या जाळीवर रोग्याच्याच पेशी वाढवून ठिगळ करतात, आणि त्या ठिगळात केसाहून बारीक एक तार विणतात. दोरीवर किती ताण आला ते तिला कळतं. वरच्या बोळात बदामाएवढी चपटी पिशवी बसवतात. तिच्यात खळीसारखं दाट काहीतरी असतं; एरवी मऊ, पण विजेचा बारीकसा इशारा मिळाला की डोळ्याचं पातं लवायच्या आत गारगोटीसारखं घट्ट. हात ठरलेल्या उंचीला पोचला, की तार इशारा देते, पिशवी घट्ट होते, गोळ्याला छपराखाली सरकायला जागा उरत नाही, आणि हात अडतो. दुखत नाही, नुसता अडतो. दोरी भरत जाईल तशी ती उंची फोनवरून वाढवायची. शेवटी 'सोडणूक' द्यायची. मग खळीचं पाणी होतं, पिशवी अंगातच विरून जाते, आणि पुन्हा कोणी हात अडवू शकत नाही.

दगुबाईने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे मळणीत दाणे खाऊ नयेत म्हणून बैलाच्या तोंडाला बांधतात तसं मुसकं."

डॉक्टरबाई हसल्या. "मुसकंच. पण मळणी होईपर्यंत."

मग प्रश्न आला, की ही उंची कोणाच्या फोनवर ठेवायची. दगुबाईकडे फोन होता, पण तो भजनं ऐकायला आणि दुकानदाराला झापायला. तिनेच मोठ्या तोऱ्यात सांगितलं, माझ्या भूषणच्या फोनवर द्या, माझा पोरगा शिकलेला आहे.

दिवाळीपर्यंत हात ताटापर्यंत आला, तोंडापर्यंत आला, अंबाड्यापर्यंत कसाबसा आला. पुढे खांद्याच्या जरा वर गेला की ठप्प. भूषण डॉक्टरांशी फोनवर बोलायचा आणि आईला सांगायचा, की माय, वयामानाने ठिगळ पुरतं धरलं नाही. आहे तेवढ्यात समाधान मान. त्याचं हे सांगणं खोटं वाटावं असं काही नव्हतं. ऑपरेशननंतरच्या रात्री तो तिच्या उशाशी बसून राहिला होता. तिला भाकरीचा घास भरवला होता. भूषण आता केळीच्या कोल्ड स्टोरेजचा मालक होता, त्याच्या ओट्यावर गाड्या थांबायच्या, आणि आई लोकांच्या चुलीपुढे घामाघूम बसते हे त्याला आवडत नाही, एवढं दगुबाईला ठाऊक होतं. पण न आवडणं वेगळं आणि खोटं बोलणं वेगळं.

माघात सकुबाईच्या लेकीचं, वैशालीचं, लग्न निघालं.

दगुबाई पहाटेच हॉलवर गेली. सकुबाई नवं लुगडं नेसून पाटावर बसली होती, नवरीसारखी लाजत. दगुबाईने मनात म्हटलं, खांदा गेला खड्ड्यात, आज सकूसाठी जाईल तिथवर नेईन. उंडा मुठींवर घेतला. मनगटांवर आला, कोपराकडे सरकला, हात वर गेले, आणि उजवा हात हवेतच थांबला. डावा पुढे गेला. मांडा मधोमध फाटून तिच्या मांडीवर पडला. दुसरा फाटला. तिसरा फाटला. दगुबाईच्या हाताची सवय असलेल्या ताफ्यात दुसरं कोणी फिरवणारं तयार नव्हतं. शेवटी हॉलवाल्याने तालुक्याहून यंत्राचे मांडे मागवले, कागदाच्या घडीसारखे, सगळे एका मापाचे. सकुबाईच्या ताटात तसलाच एक पडला. तिने तो मुकाट्याने खाल्ला. उलट दगुबाईच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, जाऊ दे गं, खांदा काय तुझ्या हातात आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी भूषणच्या मुलीला, तेजलला, बघायला पाहुणे यायचे ठरले. रावेरकडचं मोठं घराणं, केळी परदेशात पाठवणारं. मुलाच्या आजोबांनी निरोप धाडला, की आमच्या घरच्या एका लग्नात दगुबाईने मांडे घातले होते. सोयरीक जमवायची तर मांडा घरच्या हातचा, तिच्याच हातचा पाहिजे. आदल्या संध्याकाळी भूषण आईजवळ बसला आणि गुळाच्या ढेपेसारखा गोड होऊन म्हणाला, माय, उद्या एकदा करून बघ ना. देवाच्या मनात असेल तर उठेल हात.

दगुबाई म्हणाली, उठणार नाही. पण तेजल समोर उभी होती, म्हणून सकाळी तिने उंडा घेतला.

हात उठला. खांद्याच्या रेषेवर जिथे रोज ठप्प व्हायचं, तिथून वाऱ्यावर उघडलेल्या फाटकासारखा सरळ वर गेला. मांडा कोपरापर्यंत पसरला. दगुबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने चुलीच्या धुरावर ढकललं. पाहुणे जेवले, आजोबांनी मिशी पुसली, सोयरीक जमली. भूषण सगळ्यांना सांगत होता, देवाने ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगुबाई फडताळावरची बरणी काढायला उभी राहिली. हात खांद्याच्या जरा वर गेला आणि ठप्प. त्याच जागी. ना दुखलं, ना कळ आली.

ती तशीच उभी राहिली, अडलेल्या हाताकडे बघत. तिच्या घराचं मागचं दार जुनं होतं. बिजागरी गंजली की कशी कुरकुरते, ते तिला चांगलं ठाऊक होतं. गंज सगळीकडे अडवतो, कुठेही करकरतो. हे तसं नव्हतं. रोज एकाच जागी, न करकरता दार अडत असेल, तर मागून कोणीतरी अडसर लावला आहे. आणि देव काही असा नाही, की आज सकाळी द्यायचं आणि उद्या सकाळी परत घ्यायचं. इतका काटेकोर माणूसच असतो.

ती ओट्यावर आली. भूषण फोन बघत बसला होता. तिला बघून हसला आणि म्हणाला, माय, काल फार दमलीस ना, आता काही दिवस हात वर करू नको हं.

दगुबाई 'बरं' म्हणून आत गेली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने वाद घातला नाही, हे भूषणच्या ध्यानात यायला हवं होतं.

त्याच दुपारी सकुबाई आली. ती ओट्याची पायरी चढली नाही. दोघींचं सामायिक खापर, जे कायम सकुबाईकडे असायचं, तिने फडक्यात बांधून पायरीवर ठेवलं आणि पाठ फिरवली. दगुबाईने हाक मारली तेव्हा ती तशीच पाठमोरी म्हणाली, "व्याह्यांपुढे उठणारा हात आहे बाई तुमचा. आमच्या चुलीला नाही झेपायचा."

तुमचा. इतक्या वर्षांत सकुबाईने तिला कधी अहोजाहो केलं नव्हतं. दगुबाईला शिवी चालली असती.

जळगावची एसटी तिने एकटीने धरली. घरात कोणाला सांगितलं नाही. डॉक्टर सावकारेंनी खांद्यावर सोनोग्राफीची कांडी फिरवली आणि पडद्यावरची एक उजळ रेघ तिला दाखवली. म्हणाल्या, बघा, दोरी कशी भरली आहे, तिशीतल्या बाईची असावी तशी. मग कपाळाला आठ्या घालून त्यांनी विचारलं, की तुम्ही सोडणूक का नाही घेतली? दिवाळीच्या आधीच मी भूषणभाऊंना कळवलं होतं. त्यांनी सांगितलं, आईच नको म्हणते, तिला भीती वाटते.

"मला भीती वाटते," दगुबाई म्हणाली. तिला हसू आलं, आणि ते हसू बघून डॉक्टरबाईंनी कांडी खाली ठेवली.

दगुबाईचा आवाज चढला नाही. तिने शांतपणे विचारलं, "बाई, त्या दिवशी तुम्ही बशीत मोसंबं ठेवून बोललात. मला समजलं होतं ना सगळं? खांदा माझा, फाटला माझा, कापला माझा. मग तो सोडायची वेळ आली तेव्हाच मी अडाणी कशी झाले? तेव्हा त्याला कसं काय विचारलंत?"

डॉक्टरबाईंनी कबूल केलं. चुकलंच, म्हणाल्या. मग त्यांनी सगळा कारभार दगुबाईच्या नावावर फिरवला. पडद्यावर तिचा अंगठा घेतला, तिचा आवाज घेतला, आणि पुन्हा एकदा समजावलं, की एकदा सोडलं की परत बांधता यायचं नाही, आणि इतके महिने न वापरलेले स्नायू लेचेपेचे झाले असतील, तेव्हा लगेच मांड्याला भिडू नका. दगुबाईने आपल्याच तोंडाने सोडणूक दिली. काही वाजलं नाही, काही टोचलं नाही. परतीच्या गाडीत, कुठेतरी केळीच्या बागांमधून जाताना, तिला खांद्यात थंडगार पाझर फुटल्यासारखं वाटलं. खरं असेल, नसेल.

भूषणला तिने त्याच संध्याकाळी फाडून खाल्लं असतं. पण मग तो गोड गोड शब्दांत माफी मागणार, रडणार, आणि गावात सांगणार, की आईच्या काळजीपोटी केलं. सकुबाईच्या ताटातला तो यंत्राचा मांडा तसाच राहणार. म्हणून दगुबाईने जीभ दातांखाली धरली. भूषण समोर असला की तिचा हात खांद्यापाशी ठप्प व्हायचा, आणि तो बाहेर पडला की ती मागच्या गोठ्यात भिंतीवर बोटं चालवायची, मुंगीसारखी, रोज थोडी वर. पहिल्या दिवशी खांदा नव्या वासरासारखा थरथरला.

एका दुपारी हर्षालीने पाहिलं. सून दारात उभी राहिली, मग आत आली, आढ्यावरून एक दोर टाकला आणि त्याची दोन टोकं सासूच्या दोन हातांत दिली. डावा हात ओढायचा, उजवा त्याच्यासोबत वर जाणार. डॉक्टरांनी हा व्यायाम सुरुवातीलाच सांगितला होता, म्हणाली, यांनी नको म्हटलं.

"तुला माहीत होतं," दगुबाई म्हणाली.

हर्षालीने मान खाली घातली. म्हणाली, कशी सांगणार, मला या घरात राहायचं होतं ना, आत्या.

"दोर घट्ट बांध," दगुबाई म्हणाली. "तुझा निवाडा नंतर."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. लग्नानंतरची पहिली आखाजी म्हणून वैशालीही आली होती. सकुबाईच्या अंगणातल्या निंबाला झोका बांधला होता, पोरी गाणी म्हणत होत्या, आणि चुलीवर साधीच पुरणपोळी चालली होती. दगुबाई डोक्यावर खापर घेऊन अंगणात आली. उजव्या हाताने धरून. आधी गाणं थांबलं, मग झोका थांबला.

तिने खापर चुलीवर उपडं घातलं आणि सकुबाईला म्हणाली, पाट मांड आणि बस, तुझा मांडा राहिलाय.

सकुबाई हलली नाही. "आज कोणाचे पाहुणे आहेत?"

"कोणाचे नाहीत. म्हणूनच आले."

मग तिने सगळ्यांसमोर, कणीक मळता मळता, खांद्यात काय होतं, कोणाच्या फोनवर होतं, कधी उघडलं आणि कधी बंद केलं, ते सांगितलं. रडली नाही. भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. सकुबाई ऐकत राहिली, मग स्वतः उठली, घरातून पाट आणला आणि त्याच्यावर बसली. लुगडं तेच होतं, लग्नातलं.

बातमीला पाय असतात. मळून झालेल्या कणकेचा उंडा होईपर्यंत भूषणची गाडी अंगणाच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. तो उतरला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर तेच गोड हसू होतं, पण कडेने फाटलेलं. मागोमाग हर्षाली आणि तेजल उतरल्या.

तो म्हणाला, माय, चल घरी. लोकांसमोर तमाशा नको. मग आवाज उतरवून, जवळ येऊन, जे त्याचं खरं होतं ते बोलला, की तू रात्ररात्र कण्हायचीस ते मी ऐकलंय. दात आवळून तू पंगत उरकलीस आणि खांद्याची चिंधी केलीस. तुला थांबता येत नाही, म्हणून मी थांबवलं. तुला पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर बघायचं नव्हतं मला. आणि तेजलच्या सासरी काय सांगायचं, की आजी अजूनही लोकांच्या चुली फुंकते?

आधीची वाक्यं ऐकताना दगुबाईचा चेहरा जरा मऊ झाला होता. शेवटच्या वाक्याला तो पुन्हा खापरासारखा झाला. तिने उंडा उचलला.

मुठींवर. मनगटांवर. कणीक सैल होऊन पसरायला लागली. समोर भूषणने खिशातून फोन काढला. नकळत काढला असेल, सवयीने काढला असेल. आई हात उचलते, आपण अंगठा दाबून मुसकं आवळतो. सगळं अंगण आईकडे बघत होतं, म्हणून त्याला वाटलं कोणी बघत नाही. पण आई त्याच्याचकडे बघत होती. मांडा कोपरापर्यंत आला होता, खाली खापर लाल झालं होतं, आणि पोटच्या पोराने अंगठा दाबला.

हात वर गेला.

त्याने पुन्हा दाबला. फोनकडे बघितलं, डोळे बारीक केले, तिसऱ्यांदा दाबला. हात वर जात राहिला. दोन्ही हात डोक्याच्या वर फिरत होते, आणि त्यांच्यावर मांडा इतका पातळ झाला, की त्याच्या आरपार निंबाची पानं दिसायला लागली. एका झोकात तो खापरावर पडला. न फाटता.

तेजलने बापाच्या हातातल्या फोनकडे बघितलं, मग बापाकडे. दोन पावलं सरकून ती आजीच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

दगुबाईने मांड्याची घडी घातली आणि सकुबाईच्या ताटात वाढली. सकुबाईने एक घास मोडला, चावला, आणि तोंडात घास असतानाच म्हणाली, पुरणात वेलदोडा जास्त झालाय गं दगे. दगुबाईने इतक्या महिन्यांत एवढं गोड काही ऐकलं नव्हतं.

आखाजीला दारी आलेल्याला न जेवता पाठवत नाहीत. वैशालीने भूषणपुढेही ताट मांडलं. गाव बघत होतं, तेव्हा तो बसला. त्याच्या शेजारच्यांच्या ताटात मांडे पडत गेले, आमरस पडला, तूप पडलं. दगुबाई नवा मांडा हातावर घेऊन त्याच्यासमोर आली आणि उभी राहिली. भूषणने ताट जरा पुढे सरकवलं. म्हणाला, माय, चुकलो मी. घाल.

"तू माझ्या उशाशी जागलास, ते मी विसरणार नाही," दगुबाई म्हणाली. "त्याच्यापायी माझ्या हातची भाकर तुला मरेपर्यंत मिळेल. तेजलच्या लग्नात तुझ्या सगळ्या वऱ्हाडाला मी मांडे घालीन, ती माझी नात आहे. पण तुझ्या ताटात माझ्या हातचा मांडा आजपासून पडणार नाही. तुझ्या घरी नाही, दुसऱ्याच्या घरी नाही, लग्नात नाही, आखाजीला नाही. माझ्या खांद्यातलं मुसकं मी काढलं, भूषण. ते आता तुझ्या तोंडाला. पाहुणे खातील, आणि तू वाढशील."

तिने हातावरचा मांडा त्याच्या हातावर ठेवला.

"ऊठ. सकूचं ताट रिकामं आहे."